खेळण्याबरोबर एक प्रश्न

खेळण्याबरोबर एक प्रश्न विचारायला मिळायचा. ही मुळे सरांची कल्पना. नाटक संपलं की पडदा पुन्हा वर जायचा, रंगमंचाच्या मधोमध नाटकाचा पत्र्याचा नायक दणकट उभा राहायचा, आणि ज्या मुलांच्या हातात विकत घेतलेला लाकडी दणकट असेल त्यांनी डावीकडच्या पायऱ्यांवरून रांगेनं वर यायचं. प्रत्येकानं एकच प्रश्न विचारायचा आणि उजवीकडून उतरायचं. दणकटच्या छातीवर टेंपोचे दोन खरे हेडलाइट बसवलेले होते. एक दिवा लागला की ‘होय’. दोन्ही लागले की ‘नाही’.

त्या दिवशी माझ्यापुढं बारा-पंधरा मुलं होती. एका गुबगुबीत मुलानं विचारलं, “मला सायकल मिळंल का?” एक दिवा लागला. दोन वेण्या घातलेल्या मुलीनं विचारलं, “आमची मांजर परत येईल का?” एक दिवा लागला. दणकट सगळ्यांनाच होय म्हणायचा. दोन्ही दिवे लागलेले मी तोवर एकदाच पाहिले होते, एका पोरानं विचारलं होतं, “मी माझ्या बहिणीला मारू का?”

“काय गं वैजे, तू कुठं निघालीस?” जंबूकाकांनी मला पायरीवर अडवलं.

“प्रश्न विचारायला.”

“घरात रोज भेटतोय की तुला दणकट. जेवताना विचार.”

“जेवताना अप्पा असतात.”

जंबूकाका मगदूम हळदीच्या एका अडत दुकानात दिवाणजी होते. नाटकात ते हळदचोरांचे सरदार व्हायचे आणि प्रयोग संपला की दाढीमिशा न उतरवताच खेळण्यांच्या टेबलापाशी उभे राहायचे. आता त्यांनी ती काळी दाढी हनुवटीखाली ओढली आणि माझ्या हाताकडं पाहिलं.

“हे खेळणं कुठनं आलं?”

“तुमच्या टेबलावरनं.”

“उचललंस?”

“अप्पांनीच केलंय की ते.”

“वा! उद्या हलवायाची पोरगी येईल आणि पेढ्यांचं ताट घेऊन जाईल, आमच्या बापानं केल्यात म्हणून.” ते हसले आणि बाजूला झाले. “जा. पण एकच विचार. आणि हसवू नकोस त्याला. आत घामानं निथळलाय.”

अप्पा, माझे वडील, माधवनगर रस्त्याला टेंपोच्या बॉड्या बांधायचे. चासी, म्हणजे इंजिन आणि चाकांचा नुसता सांगाडा, यायची, तिच्यावर लाकूड आणि पत्रा चढवून तिचा टेंपो करायचा, हे त्यांचं काम. मुळे सर आमच्या शाळेत चित्रकला शिकवत आणि दर मे महिन्याला एक बालनाट्य बसवत. त्या वर्षी त्यांच्या डोक्यात टेंपोचा माणूस होणारा नायक आला. ते दुकानात येऊन अप्पांना म्हणाले, “परशूभाऊ, एक टेंपो असा बांधा की तो उठून उभा राहील.” अप्पांनी दोन दिवस विचार केला आणि बांधला. पिवळाधमक, पत्र्याचा आणि प्लायवूडचा. पण तो अंगावर घालून गुडघ्यावर बसायचं, पुढं वाकायचं, कोपरं आत घ्यायची आणि मान केबिनमध्ये ओढायची, हे सगळं तालात करणं दुसऱ्या कुणाला जमेना. शेवटी आत अप्पाच गेले. स्टेजवर कधी पाय न ठेवलेला माणूस. त्यांना बोलायचं नव्हतंच. दणकटचा आवाज विंगेतून मुळे सर काढायचे, तेलाच्या रिकाम्या डब्यात तोंड घालून.

नाटकाचं नाव होतं ‘दणकट आणि हळदीचे चोर’. चोर त्याला पकडून पुन्हा पुन्हा विचारतात, पोती कुठं आहेत, मालक कुठं आहे, आणि दणकट दर वेळी खरं तेच सांगतो, तरी शेवटी तोच जिंकतो. त्यातलं एक वाक्य प्रेक्षकांनी ओरडायचं असे. चोर विचारायचे, “हा खोटं का बोलत नाही रे?” आणि सांगलीच्या गावभागातल्या त्या शाळेचा सबंध हॉल ओरडायचा, “दणकट खोटं बोलत नाही!”

मी रांगेत होते ती एवढ्यासाठी.

आई होळीनंतर मिरजेला हॉस्पिटलात गेली होती. पोटात काहीतरी झालं होतं. त्या ‘काहीतरी’चं नाव घरात कुणी घेत नव्हतं. हौसाआत्या, माझ्या वडिलांची मोठी बहीण, गावाहून एक कापडी पिशवी घेऊन आली आणि आमच्या स्वयंपाकघरात उभी राहिली. सुरुवातीला मी तिला विचारायची, “आई कधी येणार?” ती म्हणायची, “तुझी परीक्षा झाली की.” परीक्षा झाली. मग म्हणाली, “आंबे निघाले की.” आंबे निघाले. मग म्हणाली, “शाळा उघडायच्या आत बघ कशी येतीय.” अप्पांना विचारलं की ते म्हणायचे, “बघू,” आणि पत्र्याचा तुकडा उचलून त्याची कड हातानं चाचपायला लागायचे. मला घेऊन चला म्हटलं की म्हणायचे, “लहान मुलांना सोडत नाहीत तिथं.” ते स्वतः रोज दुपारी जायचे. प्रयोगाच्या दिवशी सकाळी जायचे.

त्या आठवड्यात आत्याची ट्रंक आली. एसटीच्या टपावरून उतरवून घेतलेली, कुलूपवाली लोखंडी ट्रंक. ती आत्यानं आईच्या पलंगाखाली सरकवली. मी पाहत उभी होते. आत्या म्हणाली, “बघतीस काय? लुगडी हायत माझी.” पण पिशवी घेऊन आलेलं माणूस परत जातं आणि ट्रंक घेऊन आलेलं माणूस राहतं, एवढं मला कळत होतं.

माझ्या पुढचा मुलगा उतरला. मी दणकटसमोर उभी राहिले.

जवळून तो फार मोठा दिसायचा. रंगाचा आणि तापलेल्या पत्र्याचा वास यायचा. छातीच्या वर एक बारीक फट होती, तिला काळी जाळी. तिच्यातून अप्पा बघायचे. मी जाळीकडं पाहिलं नाही. दिव्यांकडं पाहिलं.

“माझी आई घरी येणार का?”

दिवा लागला नाही.

मी थांबले. मागं रांगेत चुळबुळ सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, “सेल संपले वाटतं.” विंगेतून मुळे सरांचा डब्यातला आवाज आला, “दणकट... विचार... करतो आहे!” मुलं हसली. पण एकही दिवा लागला नाही, आणि मीही हलले नाही. मला एक किंवा दोन हवे होते. एक लागला असता तरी चाललं असतं, दोन लागले असते तरी चाललं असतं, असं तेव्हा मला वाटत होतं.

“वैजे, उतर आता,” जंबूकाका पायरीवरून पुटपुटले.

“उत्तर आलं नाही अजून.”

मग दणकटनं गुडघे वाकवले. आधी डावा, मग उजवा. कोपरं आत गेली, खांद्यावरची चाकं जमिनीला टेकली, डोकं केबिनमध्ये गेलं, आणि माझ्यासमोर एक पिवळा टेंपो उभा राहिला. रांगेतल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. प्रश्नांच्या वेळी त्यानं असं कधी केलं नव्हतं. विंगेतून मुळे सरांनी सावरलं. “आणि दणकट निघाला... मोहिमेवर!”

टेंपो माझ्याजवळून सरकत, पायऱ्यांच्या बाजूला न जाता, मागच्या दाराकडं गेला. तिथं अप्पा उठून उभे राहिले आणि पत्र्याचा हात माझ्यासमोर धरला. मी तो धरला.

पुष्कळ वर्षांनी, माझं लग्न झाल्यावर, एकदा अप्पा माझ्याशी त्या दिवसाबद्दल आपणहून बोलले होते. तेवढं एकदाच. चहा पीत म्हणाले, “बटन अंगठ्याखालीच होतं गं. एकदा दाबायची लाज वाटली आणि दोनदा दाबायचा धीर झाला नाही.” मी विचारलं, “मग?” “मग काय. पाय वाकले.” गेल्या महिन्यात अप्पा गेले. त्यांच्याविषयी बोलायला येणारे लोक त्यांच्या हाताच्या कामाविषयी बोलतात, आणि ते खरंच आहे. मला मात्र सारखे ते वाकलेले गुडघे दिसतात.

मागच्या दाराबाहेर दुकानातला एक टेंपो उभा होता. बॉडी अर्धवट झालेला, बाजूच्या फळ्या न बसवलेला. नाटकाचं सामान त्यातूनच यायचं. अप्पांनी पत्र्याच्या हातानं बोनेटवर दोनदा ठोकलं आणि जंबूकाकांकडं वळून मिरजेच्या दिशेनं हात केला.

“आत्ता?” जंबूकाका म्हणाले. “अरे परशू, साडेसहाचा प्रयोग हाय!”

मुळे सर धावत आले. त्यांच्या तोंडाभोवती डब्याच्या काठाचा गोल वळ उमटला होता. “कुठं निघालात? परशूभाऊ, तिकिटं गेलीत सगळी. मुलं बाहेर येऊन थांबलीत!”

आतून अप्पांचा आवाज आला. पत्र्यात घुमून तो कुणा दुसऱ्याचाच वाटला. “सहाला भेटायची वेळ संपते. जाऊन येतो.”

“मग हे काढा तरी!”

“काढायला-घालायला अर्धा तास जातो. मग ना भेट होईल ना प्रयोग.”

ते खरंच होतं. पाठीला खरे नटबोल्ट होते, आणि दोन प्रयोगांच्या मध्ये अप्पा ते कवच उतरवतच नसत. जाळीतून नळी घालून सरबत प्यायचे. मुळे सरांनी माझ्याकडं पाहिलं, माझ्या हातातल्या खेळण्याकडं पाहिलं. त्यांना काय कळलं कोण जाणे. “सात वाजवतो मी,” ते म्हणाले. “गोष्टी सांगतो, जादू करतो, काय वाट्टेल ते करतो. सातला मात्र या.”

केबिनमध्ये अप्पा मावणार नव्हते. ते मागं, चासीवर ठोकलेल्या फळ्यांवर बसले आणि मी त्यांच्या शेजारी, दोर धरून. जंबूकाका चोराच्या वेशातच स्टिअरिंगवर बसले. विश्रामबागेच्या चौकात शिट्टी वाजली. हवालदार टेंपोभोवती एक चक्कर मारून खिडकीशी आला.

“कसली मिरवणूक? परवानगी हाय का?”

“मिरवणूक न्हाई साहेब. पेशंटला बघायला चाललोय.”

हवालदारानं जंबूकाकांची दाढी पाहिली, मागं वळून दणकटला पाहिलं. “आणि हे कोण?”

“पेशंटचे मालक.”

हवालदारानं हात हलवून जायला सांगितलं. पुढं सायकलवरची पोरं “दणकट! दणकट!” करत मागं लागली. अप्पांनी त्यांना हात केला नाही. एकदा त्यांनी तो हात माझ्या डोक्यावर ठेवायचा प्रयत्न केला, पण रस्त्याला खड्डा आला आणि पत्र्याची बोटं माझ्या कपाळावर आदळली. “लागलं?” आतून आवाज आला. “नाही,” मी म्हणाले. लागलं होतं. मग त्यांनी तो हात माझ्या बाजूला आडवा धरून ठेवला, बॉडीच्या न बसवलेल्या फळीच्या जागी, मिरज येईपर्यंत.

हॉस्पिटलच्या फाटकावर वॉचमननं मला अडवलं. “बारा वर्षांखालची मुलं आत चालत नाहीत.” अप्पांना तो काही म्हणाला नाही. नियमात त्यांच्याबद्दल काही नसावं.

जंबूकाका पुढं झाले. “अहो, ह्यो दणकट. आजारी माणसांचं मन रमवायला आणलाय. संस्थेतर्फे.”

“आणि ही?”

“ही त्याची मालकीण. हिच्याशिवाय चालतच न्हाई ते. ह्ये बघा.” त्यांनी मला कोपरानं ढोसलं. मी म्हणाले, “चल, दणकट.” अप्पा चालू लागले. वॉचमनच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि आम्ही आत गेलो.

बायकांचा वॉर्ड लांबच लांब होता. आम्ही दारात आलो तेव्हा भेटायला आलेली माणसं निघायच्या तयारीत होती. कुणी डबे बांधत होतं, कुणी चपला शोधत होतं. सगळे थांबले. एक म्हातारी उशीवरून उठून बसली आणि मोठ्यानं म्हणाली, “अगं बया, यमदूत म्हणावा तर पिवळा कसा?” दोघीतिघी हसल्या. त्या हसण्यानं खिडकीजवळच्या खाटेवरच्या बाईनं मान वळवली.

मी तिला आधी ओळखलं नाही. मग ती हसली, आणि ओळखलं.

“अहो, हे काय!” आई म्हणाली. तिनं ते कवच पाहिलेलंच नव्हतं. ते बांधायच्या आधी ती इथं आली होती. “हाच का तो? कसे दिसताय! चालता कसे हो यात? खुर्ची द्या कुणीतरी... नको, मोडेल ती.” तिला हसताना धाप लागत होती आणि तरी ती हसत होती. अप्पा बाजूला सरले आणि त्यांच्यामागची मी तिला दिसले.

तिचं हसणं थांबलं.

“तुम्ही मला शब्द दिला होता,” ती अप्पांना म्हणाली.

एक दिवा लागला.

“माझी ही दशा पोरीनं बघायची नाही, म्हटलं होतं मी. देवाच्या पायावर हात ठेवून हो म्हणाला होतात.”

पुन्हा एक दिवा.

“मग?”

“तिनं विचारलं,” आतून अप्पा म्हणाले.

“काय विचारलं?”

ते मीच सांगितलं. आईनं डोळे मिटले आणि उघडले.

“मग तुम्ही काय सांगितलंत तिला?”

“काही नाही. मला येईना, शालन.”

आई त्या काळ्या जाळीकडं बघत राहिली. आत काही दिसत नाही हे मला माहीत होतं, पण तिला दिसत असावं. तिनं हळूच विचारलं, “रडताय का आत?”

दिवा लागला. लागलेलाच राहिला.

शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, “तुझा मालक हाय व्हय आत? मग बाहेर काढा की त्याला.” जंबूकाका म्हणाले, “आज्जी, बोल्टं हायत पाठीला,” आणि दाढी काढून खिशात घातली. ते खिडकीबाहेर बघत उभे राहिले.

“इकडं ये,” आई मला म्हणाली.

मी गेले. तिच्या हातात काय द्यावं मला सुचेना म्हणून खेळणं दिलं. लाकडाचं, वीतभर, पाय मागं दुमडले आणि डोकं खाली ढकललं की टेंपो होणारं. अशी खेळणी अप्पा संध्याकाळी दुकानात उरलेल्या लाकडातून करत. असली लहान खेळणी ते पूर्वीही करायचे, घोडे, गाड्या, आणि त्यांचे चेहरे रंगवायचं काम आईचं होतं. आईनं दणकट उलटसुलट करून पाहिला. त्याला टेंपो करायला गेली तर तिच्या बोटांनी डोकं आत जाईना. मी माझा अंगठा तिच्या अंगठ्यावर ठेवून दाबला. गेलं.

तिनं त्याला पुन्हा माणूस केला. ते तिचं तिला जमलं.

“चेहरा कुणी काढला?”

“मी.”

“भुवया फार खाली आल्यात. रागावल्यासारखा दिसतोय.”

“तू नव्हतीस ना,” मी म्हणाले.

“हो,” आई म्हणाली. “मी नव्हते.” तिनं खेळणं पांघरुणावर उभं करून ठेवलं. ते पडलं. तिनं पुन्हा उभं केलं. “वैजू, मी घरी येणार नाही.”

मी ऐकलं. मग मला आत्याची सगळी उत्तरं एकेक करून तपासायची होती.

“आंबे संपले तरी?”

“संपले तरी.”

“शाळा उघडली तरी?”

“तरी.”

“मग तू इथंच राहणार?”

“थोडे दिवस.”

“आणि मग?”

आईनं तो प्रश्नही सोडला नाही. “मग नाही राहणार,” ती म्हणाली. “मग तू आणि अप्पा. आणि आत्या आहे. आत्या ओरडते, पण मनाला लावून घ्यायचं नाही.”

“तिनं ट्रंक आणलीय.”

“मीच सांगितलं तिला आणायला.”

हे मला माहीत नव्हतं. मी आईच्या खाटेच्या लोखंडी कडेला धरून उभी होते. मी रडेन असं सगळ्यांना वाटलं असणार, कारण म्हातारी दुसरीकडं बघायला लागली होती. मला रडू आलं नाही. दोन महिने मी दार वाजलं की धावत होते, आणि आता धावायचं कारण उरलं नव्हतं. पाय एकदम जड झाले, दमल्यासारखे. मी खाली बसले, फरशीवर, आणि कपाळ खाटेच्या कडेला टेकलं. आईचा हात वरून माझ्या केसांत आला.

“तेल लावत नाही वाटतं कुणी,” ती म्हणाली.

“आत्या लावते. मी धुऊन टाकते.”

“धुऊ नको.”

“तू लाव मग,” मी म्हणाले. “मी इथं येते रोज. तू लाव.”

आईचा हात थांबला. ती काही बोलायच्या आत वॉर्डच्या दारात घंटा वाजली. सिस्टर एस्तेर हातात घंटा घेऊन खाटांमधून येत होत्या. उंच, पांढऱ्या कपड्यांतल्या, चष्मा नाकाच्या टोकावर घेतलेल्या. अप्पांना बघून त्या जागच्या जागी थांबल्या.

“हे काय सोंग आणलंय वॉर्डात?”

“जातोच आहोत, सिस्टर,” जंबूकाका म्हणाले.

“आणि ही मुलगी? हिला कुणी सोडलं?” त्यांनी मला उठवून उभं केलं. “कुणाची तू?”

“माझी,” आई म्हणाली. मग, मी तिला कधी कुणाशी बोलताना ऐकलं नव्हतं अशा आवाजात ती म्हणाली, “सिस्टर, हिला रोज येऊ द्या. मी आधी नको म्हणत होते. आता येऊ द्या.”

“शालनबाई, नियम मी केलेला नाही. बारा वर्षांखाली मुलं चालत नाहीत. आजार लागतात मुलांना.” त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. “वय काय तुझं?”

“बारा!” जंबूकाका मागून म्हणाले.

“दहा,” मी म्हणाले.

जंबूकाकांनी कपाळावर हात मारला. सिस्टरनी एकदा आईकडं पाहिलं. पांघरुणावर पडलेलं खेळणं उचलून त्यांनी बाजूच्या स्टुलावर ठेवलं, आणि खिशातून पासाचं कार्ड आणि पेन काढलं.

“काय नाव?”

“वैजयंती परशुराम सुतार.”

“वय बारा,” त्या लिहीत म्हणाल्या.

“दहा.”

“ऐकलं मी. बहिरी नाही झाले अजून. तू येत जा, आणि फाटकावर कुणी विचारलं तर तोंड उघडू नकोस. कार्ड दाखव.” त्यांनी ते माझ्या हातात दिलं आणि घंटा वाजवत पुढं गेल्या.

आम्ही सांगलीला पोचलो तेव्हा सात वाजून गेले होते. मुळे सरांचा आवाज बसला होता, म्हणून त्या प्रयोगात दणकटचा आवाज जंबूकाकांनी काढला आणि चोरांचा सरदार आयत्या वेळी कुणीतरी दुसराच झाला. मी विंगेत बसून पाहिलं. अप्पा एकदाही चुकले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून मी रोज मिरजेला जात होते. फाटकावर वॉचमन विचारायचा, “वय?” आणि मी कार्ड पुढं करायची. आई उशीला टेकून बसायची, मी खाटेखाली फरशीवर, आणि ती माझ्या केसांना तेल लावायची. पुढं पुढं ती नुसता हात ठेवायची. आंबे संपले. शाळा उघडली. मी शाळेतून सरळ एसटीनं जायची. आत्या डबा द्यायची आणि ओरडायची नाही.

आई गेल्यावर सामान आणायला अप्पा निघाले तेव्हा मीही त्यांच्याबरोबर गेले. सिस्टर एस्तेरनी कार्ड मागितलं नव्हतं, पण मी ते त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते उचललं, चष्मा खाली करून वाचलं आणि माझ्याकडं पाहिलं. “राहू दे की,” त्या म्हणाल्या. मी नको म्हणून मान हलवली.

टेंपोत, केबिनमध्ये, मी अप्पांच्या शेजारी बसले. त्यांनी गाडी सुरू केली नाही. हात स्टिअरिंगवर ठेवून ते समोर बघत बसले, आणि मी त्यांच्या दंडावर डोकं ठेवलं. आई होती तोवर मी बारा वर्षांची होते. आता मी पुन्हा दहा वर्षांची झाले आणि मला रडू फुटलं.